पद्मिनी गाडी गरम झाली की पुन्हा सुरू होत नाही, गॅरेजवाला कार्ब्युरेटर बदला म्हणतो. घरी काय तपासू?

गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदला म्हटलं असलं तरी आधी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी बघा. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ही जुनीच तक्रार आहे, आणि दोष करंटमध्ये आहे की पेट्रोल पोचण्यात, हे घरी कळतं.

गाडी गरम असताना, बंद पडलेली असतानाच तपासा. थंड झाली की सगळं ठीक दिसतं. एक स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरीला जोडा, त्याची बॉडी इंजिनला टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब) आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरतुकडी दिसली तर डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढा. आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) काळे पडलेत, एका बाजूला खड्डा नि दुसऱ्या बाजूला टेकाड आलंय? मग मला पहिला संशय कंडेन्सरचा (पॉइंट जळू न देणाऱ्या छोट्या डबीचा) येतो. तो तापल्यावरच दगा देतो. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटची गॅप साधारण ०.४५ मिमी ठेवा, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा. तरीही तेच, तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बघा.

ठिणगी चांगली असेल तर प्लग बसवा, इग्निशन बंद करा, एअर फिल्टर काढून हाताने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) ओढा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार उडाली नाही तर पेट्रोल पोचत नाहीये. पाइपात वाफ धरली असेल किंवा पंपाचा पडदा गेला असेल.

आणि रबरी पेट्रोल पाइप जुने असतील तर आजच बदला, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालणारेच घ्या. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.