गुडघ्याखाली पाय काढल्यावर महागडा कृत्रिम पाय घ्यावा का?

तुमच्या वडिलांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. ते यंत्रमागावर दिवसभर उभे राहायचे. आता कुणीतरी लाखांतला कार्बन फायबरचा पाय सुचवलाय, तर कर्ज काढून तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय नसलेली बोटं रात्री जळतात म्हणतात, तो भास आहे का, हेही. मी इथे सोलापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे आणि पाय गमावलेल्या रुग्णांसोबत काम करते. आधी थेट सांगते: आत्ता कर्ज काढू नका.

कार्बनचा पंजा पाऊल टेकताना वाकतो आणि उचलताना उसळी देतो. भरभर, लांब चालणाऱ्या तरुणाला त्याचा उपयोग होतो. घर, गल्ली, कारखाना एवढं चालणाऱ्या उतारवयातल्या माणसाला तो फरक फारसा जाणवत नाही. त्यांना जाणवतं ते सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग. सॉकेट नीट नसेल तर कितीही भारी पाय महिनाभरात कपाटावर जातो. आणि स्टंप, म्हणजे तो उरलेला पाय, पहिल्या वर्ष-दीड वर्षात आटत, बदलत राहतो, त्यामुळे पहिलं सॉकेट पुढे सैल होणारच. पहिला पाय साधा घ्या, पैसे दुसऱ्यासाठी राखा.

साधा म्हणजे कमी प्रतीचा नव्हे. 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो रबरी पाय घडवला, तो अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, शेताच्या ढेकळांतून जाणं डोळ्यांसमोर ठेवूनच. खुर्ची आणि बूट गृहीत धरून केलेल्या पायांत हे जमत नव्हतं. माझ्या मते पुनर्वसनातलं खरं संशोधन असंच होतं: माणूस दिवसभर काय करतो ते आधी बघायचं, मग पाय बनवायचा. तुमच्या वडिलांना मांडी घालून जेवायचंय की मागासमोर उभं राहायचंय, हे प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला, पहिल्याच भेटीत सांगा.

शिबिरात मोफत पाय मिळत असेल तर जरूर घ्या, पण दुरुस्तीला कुठे यायचं हे तिथेच विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये या सेवेची मानकं काढली, त्यांत तपासणी, पाय बनवून बसवणं, चालायचं प्रशिक्षण आणि नंतरचा पाठपुरावा हे सगळं सेवेचाच भाग धरलंय. आपल्याकडे शेवटच्या दोन गोष्टी राहून जातात याचं मला फार वाईट वाटतं. पाय हातात दिला की काम झालं, असं समजलं जातं.

पाय येईपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. गुडघ्याखाली उशी देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग पाय बसवणं अवघड होतं. दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपवा. स्टंपवरची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, टोकाला घट्ट आणि वर सैल, अशी बांधायला एकदा समोर बसून शिकून घ्या. उलटी बांधली तर टोक सुजतं.

आता जळणाऱ्या बोटांबद्दल. हा भास नाही आणि मनाचा खेळ तर मुळीच नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा आणि कापलेल्या नसा शिल्लक असतात. पाय गमावलेल्या बहुतेकांना हे कमीअधिक होतं. 1990 च्या दशकात मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर आरशाचा उपाय मांडला. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, चांगला पाय आरशात बघत सावकाश हलवायचा, म्हणजे दोन्ही पाय हलताहेत असं दिसतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयातला छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज पंधरा मिनिटं असं चार आठवडे करणाऱ्या सहाही जणांच्या वेदना कमी झाल्या. झाकलेल्या आरशासमोर तेच करणाऱ्यांत मात्र एकाच्याच. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतका गुण आला नाही, तरी खर्च एका आरशाचा आहे, करून बघा. झोपच येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात. साध्या वेदनाशामक गोळ्या रोज देत बसू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला त्यांच्या दुसऱ्या पायाची वाटते. ज्या शुगरने एक पाय नेला ती दुसऱ्यातही आहेच, आणि आता भार त्याच्यावर. तळव्याची संवेदना तपासून घ्या. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. बधिर तळव्याला देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्या, पण भर उन्हात अनवाणी नको. याच उकाड्यात सॉकेटमध्ये घामही साचतो. दुपारी एकदा पाय काढून स्टंप पुसा, सुती मोजा बदला. लाली थोड्या वेळात गेली नाही तर त्या दिवशी पाय घालू नका आणि दाखवून या.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, सिव्हिलला चौकशी करा. केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून दिव्यांगांना लागणारं साहित्य मिळतं, त्यासाठी हे प्रमाणपत्र लागतं. पाय बनवण्यासाठी मुंबईत हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी पोचाल. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांनाही घेतात. कामाचं म्हणाल तर लगेच मागावर नको. मालकाशी बोलून काही महिने बसून होणारं काम मिळतंय का बघा, कांड्या भरणं किंवा टॉवेल तपासणं.

माप द्यायला जाताना त्यांची रोजची चप्पल सोबत न्या, शक्यतो मागे पट्टा असलेली. पायाची जुळणी टाचेच्या उंचीवरून करतात. नंतर उंच टाचेचा बूट घातला तर गुडघा पुढे ढकलल्यासारखा होतो आणि तोल जातो.