कडुनिंबाच्या काढ्यात दात घासायचे ब्रश बुडवून ठेवताय? माझा अनुभव वाचा

ताई, पावसाळ्यात ब्रशच्या केसांच्या मुळाशी काळे ठिपके येतात, म्हणून कडुनिंबाचा काढा करून त्यात घरातले सगळे ब्रश उभे ठेवता असं तुम्ही लिहिलंय. सासऱ्यांना मधुमेह आहे हेही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही, कारण चिपळूणला असताना मी हेच केलं होतं, आणि माझ्या आईलाही मधुमेह होता.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. कडुनिंबात जंतू मारायचे गुण आहेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत कडुनिंब, लसूण, ग्रीन टी यांच्या अर्कांत ब्रश बुडवून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनशी (तोंडासाठी वापरतात त्या जंतुनाशकाशी) तुलना झाली आहे आणि जंतू कमी झालेले दिसले आहेत. पण तिथला अर्क मोजून केलेला असतो. माझा कसा होता? रविवारी पातेलंभर उकळला, गाळून ग्लासात ओतला, आणि तोच आठवडाभर वापरला. घरचे चारही ब्रश त्या एकाच ग्लासात! गुरुवारपर्यंत तळाशी बुळबुळीत साका आणि वर तवंग. मला वाटलं, पाल्याचाच गाळ असेल. पाण्यातला काढा म्हणजे पालापाचोळ्याचं सूपच, त्यात टिकवणारं काही नसतं. आपल्या दमट हवेत बुरशीला आणखी काय हवं?

महिन्याभराने आईच्या जिभेवर पांढरा थर आला. बुरशीचं औषध घ्यावं लागलं. डॉक्टरांनी ब्रशला थेट दोष दिला नाही, साखर वाढलेली होतीच. पण त्या ग्लासाची आठवण आजही मला छळते.

मग तयार हर्बल द्रव आणला. बाटली उघडल्यावर किती दिवस चालते, हे विचारायला विक्रेत्याला तीनदा फोन केला. दर वेळी एकच उत्तर, “मॅडम, नैसर्गिक आहे, काही अपाय नाही.” नैसर्गिक तर बुरशीसुद्धा असते! राग येतो तो याचाच.

आजी कडुनिंबाची काडी चावून दात घासायची आणि लगेच फेकून द्यायची. काडी कधी साठवली नाही तिने. माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. काढा वापरायचाच तर रोज ताजा, प्रत्येकाचा वेगळ्या वाटीत, पाच-दहा मिनिटं, आणि मग ओतून द्या. नंतर ब्रश नळाखाली धुऊन, झटकून, उभा, उघडा ठेवा. टोपी नको, आत ओल कोंडते. ब्रश एकमेकांना टेकू देऊ नका. आम्ही ते न्हाणीघरातून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेले आणि ठिपके थांबले. लवंगतेलात मात्र ब्रश बुडवू नका, काही प्रकारचं प्लास्टिक त्याने खराब होतं.

काळे ठिपके आलेले ब्रश आजच टाका, ते धुऊन वाचवू नका. एरवीही तीन-चार महिन्यांनी बदला. आणि सासऱ्यांच्या जिभेवर किंवा कवळीखाली पांढरं काही दिसतंय का ते आज रात्रीच बॅटरी लावून बघा. दिसलं तर काढाबिढा बाजूला ठेवून त्यांना सरळ डॉक्टरांकडे न्या.