दुबईत फ्लॅट घेऊन साठीनंतर तिथंच राहावं का?

तुमचं वय ५६, चिंचवडला दोन फ्लॅट, मुलगा दुबईत नोकरीला. पुण्यातल्या एका हॉटेलात भरलेलं दुबईच्या प्रॉपर्टीचं प्रदर्शन बघून आलात आणि आता विचारताय, की चिंचवडचा एक फ्लॅट विकून तिकडे वन बेडरूम घ्यावा आणि निवृत्तीनंतर नवरा-बायकोने तिथंच राहावं का.

मी १९९८ ते २०२१ अशी तेवीस वर्षं तिकडे नोकरीत काढली, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेशनला. २०१४ मध्ये तिथल्या इंटरनॅशनल सिटी या वसाहतीत, फ्रान्स क्लस्टरमध्ये, वन बेडरूम घेतला तो तुमच्याच हिशेबाने. आज हे उत्तर नाशिकहून लिहितोय. फ्लॅट अजून माझ्याच नावावर आहे, राहतंय दुसरंच कुणी.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलाजवळ राहायचंय तर जरूर जा, पण निदान पहिलं वर्ष भाड्याने राहा. का, ते सांगतो.

मी तिकडे गेलो तेव्हा परदेशी माणसाला दुबईत घर घेताच येत नव्हतं. २००२ मध्ये दार किलकिलं झालं आणि २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत आपल्यासारख्यांना पूर्ण मालकी मिळायला लागली. टायटल डीड हातात आलं त्या संध्याकाळी मी आणि बायकोने मीना बाजारात जाऊन जिलबी खाल्ली होती. त्या कागदावर माझं नाव होतं, फ्लॅट नंबर होता, चौरस फूट होते. मला तिथं राहता येईल असं मात्र त्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला सात वर्षं लागली.

एजंट म्हणाला होता, "घर घ्या, व्हिसाची चिंता सोडा." मीही ती सोडली, कारण तेव्हा कंपनीचा व्हिसा होता. २०२१ च्या अखेरीस नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला, आणि चौकशी करायला गेलो तर कळलं की निवृत्तांसाठीच्या पाच वर्षांच्या व्हिसाला वय ५५ च्या पुढे लागतं आणि शिवाय निदान १० लाख दिरहमची मालमत्ता, किंवा तेवढीच बचत, किंवा दरमहा ठरावीक उत्पन्न. गोल्डन व्हिसा आता दहा वर्षांचा मिळतो, पण त्याला २० लाखांची मालमत्ता लागते. माझा फ्लॅट घेतानाच ५ लाख ८० हजारांचा होता आणि २०२१ मध्ये त्याला तेवढेही कुणी देत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे अंदाज काढले आणि स्वतःच्या म्हातारपणाचा अंदाज असा चुकला!

शेवटी मुलीने आम्हा दोघांना आई-वडील म्हणून स्पॉन्सर केलं. तुमचा मुलगाही करू शकेल, त्याचा पगार आणि घर अटीत बसत असेल तर. पण तो व्हिसा वर्षावर्षाचा असतो, दोघांचा विमा दाखवावा लागतो, आणि त्याची मुळं मुलाच्या नोकरीत असतात. २०२४ च्या मध्याला मुलीची बदली युरोपात झाली. तिचा व्हिसा गेला तसा आमचाही गेला. फ्लॅट जागच्या जागी होता.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मी १० लाखांच्या वरचाच घेईन. घ्या. पण साध्या रेसिडेन्स व्हिसावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर तो बाद होतो. गोल्डन व्हिसाला ही अट नाही. आपल्याकडे म्हातारपणी घरचं आजारपण, लग्नकार्य, कोर्टकचेरी यांत सहा महिने कसे जातात कळत नाही. आणि कितीही वर्षं राहिलात तरी नुसतं राहिल्यामुळे नागरिकत्व मिळत नाही. तेवीस वर्षांनी मी एअरपोर्टवर त्याच रांगेत उभा होतो, ज्या रांगेत पहिल्या दिवशी होतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती ऐकून गिऱ्हाईक बिचकतं. आता घेऊन ठेवू, तोवर भाड्याने देऊ, आणि साठीला जाऊन राहू, असा तुमचा बेत दिसतोय. माझाही तोच होता. २०२१ च्या उन्हाळ्यात मी भाडेकरूला व्हॉट्सॲपवर कळवलं की डिसेंबरात मला घर लागेल. सज्जन माणूस, केरळचा, दोन पोरं शाळेत. "ओके सर" म्हणाला आणि ऑक्टोबरात करार पुढच्या वर्षासाठी चालू झाला. डिसेंबरात मी बॅगा भरून उभा, आणि तो म्हणतो, मला नोटीसच मिळाली नाही. त्याचं बरोबर होतं. तिथल्या कायद्याने मालकाला स्वतः राहायला घर हवं असेल तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तुम्हाला राहण्यासारखं दुसरं घर नाही हेही दाखवावं लागतं. पुढे दोन वर्षं ते घर दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये रीतसर नोटीस दिली आणि २०२३ च्या सुरुवातीला स्वतःच्या घरात पाऊल ठेवलं. मधलं वर्ष मुलीच्या हॉलमध्ये, सोफा-कम-बेडवर. आपल्या इकडच्या भाडे कायद्याला नावं ठेवायचं मी त्यानंतर बंद केलं.

आता पैसे. किमतीवर ४ टक्के सरकारी नोंदणी फी (मी घेतला त्याच्या थोडं आधी, २०१३ च्या ऑक्टोबरात, ती २ ची ४ झाली होती) आणि २ टक्के एजंट. दरवर्षी चौरस फुटावर सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपला मेंटेनन्स, पण आकडा बघून घाम फुटेल असा. ज्या बिल्डिंगांत डिस्ट्रिक्ट कूलिंग (अख्ख्या भागाला एकाच ठिकाणाहून येणारा गारवा) आहे तिथं घर कुलूपबंद असलं तरी चिलरचं स्थिर बिल येत राहतं. फ्लॅट दाखवताना हॉलमधून समुद्र दिसतो का ते सगळे बघतात. तुम्ही मागच्या दोन वर्षांची सर्व्हिस चार्जची आणि चिलरची बिलं मागा.

इकडून पैसे नेण्याचं गणित माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त जाचणार आहे. मी तिथला पगारदार होतो, तुम्ही भारतातले रहिवासी. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, आणि नवरा-बायको दोघांची मर्यादा एकत्र वापरता येते. पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकाच्या नावाने दीड कोटी पाठवलेत तर २८ लाख तिथंच अडकले. पुढे रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर ते आणायचे कुठून? प्रदर्शनात क्रेडिट कार्डावर बुकिंग घेत असतील तर कार्ड खिशातच ठेवा. असा व्यवहार बँकेतून, ए-टू फॉर्म भरून व्हायला हवा. ताबा घ्या आणि पुढची तीन वर्षं आरामात हप्ते भरा, ही योजना ऐकायला गोड लागते, पण ती परदेशात उधारी केल्यासारखी धरली जाऊ शकते. सही करण्याआधी फेमा (आपला परकीय चलनाचा कायदा) कळणाऱ्या सी.ए.ला विचारा. सोसायटीचा ऑडिट करणारा चालणार नाही.

आणि तुमच्या बेताला खरा खड्डा आहे तो चिंचवडलाच. घर विकून घर घेतलं की कॅपिटल गेनचा कर वाचतो हे आपल्याला पाठ असतं. २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ते दुसरं घर भारतातच असावं लागतं. चिंचवडचा फ्लॅट विकून दुबईत घेतलात तर ती सवलत नाही. तुमचा फ्लॅट जुना असेल, स्वस्तात घेतलेला असेल, तर ही रक्कम लहान नसणार.

दुबईत इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण तुम्ही भारतात रहिवासी असेपर्यंत तिथलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, आणि फ्लॅटही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात. ते विसरलात तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड बसू शकतो.

नुकसान झालं का, असं विचाराल तर तेही खरं सांगतो. मी २०१४ च्या चढ्या भावात घेतला, २०२० मध्ये आमच्या बिल्डिंगीत तसाच फ्लॅट साडेतीन लाख दिरहमला गेला. नंतर भाव चढले आणि आता मी दिले तेवढ्याच्या आसपास आहेत. पण दिरहम डॉलरला बांधलेला, रुपया नाही. मी घेतला तेव्हा दिरहम साडेसोळा रुपयांच्या घरात होता, आता तेवीसच्या वर आहे. म्हणजे मी बुडालो नाही, उलट भाडं चांगलं येतं. गुंतवणूक म्हणून विचारलं असतंत तर माझं उत्तर इतकं कडू झालं नसतं. (प्रदर्शनात विकतात ते बहुतेक बांधकाम चालू असलेले फ्लॅट. ते घ्यायचेच झाले तर पैसा फक्त त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखीव खात्यात, भरा. माझ्या एका सहकाऱ्याने २००८ मध्ये असं बुक केलेलं घर नकाशाबाहेर कधी आलंच नाही.)

राहण्याबद्दल. तुम्ही मुलाकडे डिसेंबरात गेला असाल. डिसेंबरात दुबई कुणालाही आवडते. आम्ही दोघं स्वतःच्या त्या फ्लॅटमध्ये निवृत्त म्हणून दीड वर्ष राहिलो, त्यात एक अख्खा उन्हाळा काढला. नोकरीत होतो तेव्हा उन्हाळा म्हणजे गाडी ते ऑफिस आणि ऑफिस ते गाडी. रिकाम्या माणसाचा उन्हाळा वेगळा. जून ते सप्टेंबर सकाळी सहालाही चष्म्यावर वाफ धरते, म्हणून चालायला मॉलमध्ये. बायको नाशिकला रोज पाच बायकांशी गच्चीवर गप्पा मारणारी. तिथं शेजारी चांगले होते, पण सगळे कामावर. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहेत, २०२२ पासून जबल अलीला मोठं मंदिर आहे, करामा भागात वडापाव मिळतो. पण हे सगळं शुक्रवार-शनिवार-रविवारचं. मंगळवारी दुपारी तीन वाजता काय करायचं?

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. आमच्या भागात रस्त्यावर पाणी साचलं, लिफ्ट बंद. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला. खालच्या मजल्यावरच्या पाकिस्तानी कुटुंबाने दूध आणून दिलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तेव्हाच ठरलं, असं मी गमतीने म्हणतो. ते नाशिकला केलं. दुबईत आरोग्य विमा सक्तीचा, आणि साठीनंतर त्याचा हप्ता ऐकून बसायला खुर्ची लागते. इथली मेडिक्लेम तिथं बहुतेक चालत नाही. आधी कोटेशन मागवा, मग फ्लॅट बघा.

आणि घेतलंतच, तर मृत्युपत्र तिथंही करा. मृत्युपत्र नसलेल्या बिगर-मुस्लिम माणसाची मालमत्ता २०२३ पासूनच्या तिथल्या कायद्याने अर्धी जोडीदाराला आणि अर्धी मुलांना समान जाते. आपल्या डोक्यात सगळं बायकोलाच असतं. बँक खातंही मृत्यूनंतर गोठवतात, म्हणून तिच्या एकटीच्या नावावर वेगळं खातं हवं.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर चिंचवडच्या फ्लॅटला हात लावला नसता. तो भाड्याने दिला असता, मुलाच्या बिल्डिंगीजवळ वन बेडरूम वर्षाच्या कराराने घेतला असता (भाड्याचे चेक आगाऊ मागतात, आणि वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी ‘दिवा’ या तिथल्या वीज-पाणी कंपनीच्या बिलात महिन्याला येते, ते धरा), आणि त्याच्या स्पॉन्सरशिपवर गेलो असतो. जाताना जूनचं तिकीट काढलं असतं. वहिनींनाही विचारा, त्यांचं मत तुमच्या प्रश्नात कुठं दिसलं नाही.