गेमिंग लॅपटॉप थंड ठेवताना आधी काय करावे

नवा लॅपटॉप खेळताना ९० अंशांच्या पुढे जातो म्हणून लगेच कूलिंग पॅड विकत घेऊ नका. आधी त्याची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, कारण बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा तळातूनच ओढतात आणि गादीवर ठेवल्यास ती वाट पूर्ण बंद होते.

खरा फरक मात्र प्रोसेसरच्या टर्बो बूस्टमुळे, म्हणजे गरजेनुसार वेग मूळ वेगापेक्षा वर नेण्याच्या सोयीमुळे पडतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर व्होल्टेज वाढवतो, आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने उष्णता वेगापेक्षा कितीतरी अधिक वाढते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की सहसा बूस्ट थांबतो. ज्या गेममध्ये मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो, तेथे फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) फारशा घटत नाहीत. प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये मात्र घट जाणवते, तेव्हा दोन्ही प्रकारे खेळून पाहा. स्क्रीन सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारी, म्हणजे १४४ हर्ट्‌झची असली, तरी कथाप्रधान गेमला ६० फ्रेमची मर्यादा घालणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

धूळ हवेच्या फवाऱ्याने काढताना पंख्याची पाती बोटाने अलगद धरून ठेवा, म्हणजे ती भरधाव फिरून बिघडणार नाहीत.