वाचक विचारतात: बापूकुटी ओरिजिनल आहे का हो?

दोन अंकांआधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या, म्हणजे गांधीजींच्या आश्रमाच्या सहलीवर चार ओळी काय लिहिल्या, तुम्ही लोकांनी इनबॉक्सच भरून टाकला. सगळ्यांना उत्तर देणं काही होणार नाही, जे प्रश्न फिरून फिरून आले तेवढे घेतो.

सुट्टीत मुलांना घेऊन सेवाग्रामला गेलो. बापूकुटी बघून लहाना म्हणतो, ही तर आत्ताच बांधल्यासारखी दिसून राहिली! खरंच गांधीजींच्या वेळची आहे का, की पडल्यावर तशीच दुसरी उभी केली? (खामल्याहून)

पोराची नजर चांगली आहे जी. खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी बरोबर. कुटी तीच, जागा तीच, पण मातीचं घर दरवर्षी थोडं थोडं नवं होतच असतं, नाही केलं तर दोन पावसाळ्यांत बसतं खाली. ज्यांचं आजोळ गावाकडे आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या आजोळी मृगाच्या आधी कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला माणूस लागायचा, फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, आणि दिवाळीच्या आत माकडं येऊन सगळ्याची पुन्हा वाट लावायची. बापूकुटीचंही तसंच, मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. आता ही जमीन ओरिजिनल म्हणायची तर कशी, सारवण तर मागच्या आठवड्याचं असेल! मी गेलो तेव्हा सारवणात बोटांचे अर्धगोल अगदी स्पष्ट उठलेले होते, एकाला लागून एक, आणि कोपऱ्यात जिथे हात पुरला नसेल तिथे ते आखूड झालेले. कोणा बाईचा हात होता कोण जाणे, पण मला तरी तिथल्या काचेतल्या वस्तूंपेक्षा तेच जास्त वेळ बघावंसं वाटलं.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ही कुटी मुळात बापूंची नव्हतीच, मीराबेनची होती. मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड, इंग्रज अ‍ॅडमिरलची मुलगी. ३० एप्रिल १९३६ ला बापू पहिल्यांदा या गावात आले, नंतर ते राहिले आदी निवासात, म्हणजे आत शिरल्यावर जी लांबट मोठी झोपडी लागते तिथे. तिथे माणसांची इतकी गर्दी की विचारू नका, एकाच छपराखाली सगळे. पुढे मग ते मीराबेनच्या कुटीत राहायला आले आणि गरजेप्रमाणे ती वाढवली. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा दिसतो ना, ते मीराबेनच्या हातचं. पुढच्या वेळी पोराला ते दाखवा.

सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव होतं म्हणतात. म्हणजे आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी काही संबंध? (महाल)

संबंध एवढाच की पोस्टमनची पंचाईत व्हायची. वर्ध्याजवळचं हे शेगाव आणि बुलडाण्याचं शेगाव, बापूंची टपाल तिकडे जायची. मग १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, जमनालाल बजाज, त्यांच्याच आग्रहानं बापू या भागात आले. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही म्हणून निघाले होते, त्यामुळे तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. आधी वर्ध्यात मगनवाडीत राहिले, मग इथे.

'भारत छोडो'चा ठराव बापूकुटीतच झाला ना? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून भांडण लागलं आहे. (मानेवाडा)

ग्रुप सोडू नका, दोघंही अर्धे बरोबर आहेत. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस वर्किंग कमिटीनं वर्ध्यात ठराव केला, की इंग्रजांनी जावं, नाहीतर आंदोलन. त्याच्यावर शिक्कामोर्तब झालं ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर. कुटीत काय झालं म्हणाल तर त्याच्या आधीची आणि मधली सगळी चर्चा, येणं-जाणं, वाद, मनधरणी. मोठमोठे पुढारी वर्ध्याला उतरायचे आणि तिथून धूळ खात सेवाग्राम गाठायचे. ठरावाची जागा एक आणि ठराव शिजला ती जागा दुसरी, एवढं ग्रुपवर टाका आणि गुड नाइट म्हणा.

तिथे टेलिफोन ठेवलाय तो खरा का? आणि साप पकडायचा पिंजरा कशाला? (सीताबर्डी)

टेलिफोन खराच. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोनं बसवून घेतला होता, बापूंशी थेट बोलता यावं म्हणून. शेणानं सारवलेल्या जमिनीच्या आश्रमात दिल्लीची हॉटलाइन, हे कॉम्बिनेशन मला अजून पचत नाही! पिंजऱ्याचं म्हणाल तर ही काळ्या मातीची जागा, आजूबाजूला शेतं, साप निघणारच. पण मारायचा नाही, लाकडी चिमट्यानं धरायचा, पिंजऱ्यात टाकायचा आणि लांब नेऊन सोडायचा.

जाता जाता परचुरे कुटीही बघा. परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता, तेव्हा लोक अशा माणसाच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, आणि स्वतःच्या हातानं त्यांची मालिश करायचे. बरेच टुरिस्ट बापूकुटीसमोर सेल्फी काढून तिथूनच परत फिरतात, इकडे यायचं राहून जातं.

बाबासाहेबांच्या वस्तू चिचोलीला आहेत म्हणतात, मग दिल्लीचं घर, मुंबईचं राजगृह यात नक्की काय आहे? नागपूरकरांनी काय बघावं? (इंदोरा)

हा प्रश्न वरच्या पोराच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोडला ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निर्वाण झालं, पण तो मूळ बंगला राहिला नाही. त्या जागी उघडलेल्या संविधानाच्या आकाराची मोठी इमारत उभी राहिली, १३ एप्रिल २०१८ ला तिचं उद्घाटन झालं. म्हणजे पत्ता आहे, घर नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह मात्र तेच घर, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तकांसाठी म्हणूनच बांधलेलं. खालच्या मजल्यावर म्युझियम आहे.

आणि वस्तू? त्यातल्या कितीतरी आपल्या फेटरीजवळच्या चिचोलीत, शांतिवनात. बाबासाहेबांचे सेक्रेटरी नानकचंद रत्तू यांनी जपून ठेवलेल्या वस्तू वामनराव गोडबोलेंच्या धडपडीमुळे इथे आल्या. तेच गोडबोले, ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची व्यवस्था बघितली होती. टाइपरायटर आहे, कोट आहेत, हॅट आहेत. दीक्षाभूमीला लाखोंनी लोक येतात, पण तिथून तासाभरावर हा कोट आहे हे नागपुरातल्याच कितीतरी जणांना ठाऊक नाही, आणि मलाही खूप उशिरा कळलं, हे कबूल करतो. आधी तिथेच जा. घर दिल्लीत पडलं, पण अंगावरचा कोट आपल्याकडे आला, तो तरी बघून घ्या.

सेवाग्रामला जायचं कधी? काही कार्यक्रम असतात का? (धरमपेठ)

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला कार्यक्रम असतात, पण गर्दीही तशीच. मला विचाराल तर आडदिवशी जा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा. उघड्या मैदानात, बापूंनी १९३६ मध्ये लावलेल्या पिंपळाजवळ, खाली बसून सर्वधर्म प्रार्थना होते. २५ ऑगस्ट १९४६ ला बापू इथून निघाले ते पुन्हा आलेच नाहीत, फेब्रुवारी १९४८ मध्ये यायचं ठरलं होतं. मार्चमध्ये त्यांच्याशिवायच सगळे जमले, नेहरू, राजेंद्रबाबू, विनोबा, आता पुढे काय करायचं म्हणून. प्रार्थनेला बसलं की ते सगळं डोक्यात येतं, मुलांना आधी सांगून ठेवलं तर तीही चुळबुळ कमी करतात, अनुभव आहे.

नागपूरहून पंचाहत्तर एक किलोमीटर, बुटीबोरी, सेलू करत. रस्त्यात पवनार लागतं, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, तिथे अर्धा तास काढा. ट्रेननं गेलात तर सेवाग्राम स्टेशनला उतरून समोर आश्रम शोधू नका, ते स्टेशन आधी वर्धा ईस्ट होतं, आश्रम तिथून बराच लांब आहे, ऑटो करावा लागतो. परतताना वर्ध्यात गोरसपाक, म्हणजे तिथली खुसखुशीत गोड बिस्किटं, घ्यायला विसरू नका, फक्त गाडीत डबा मांडीवर धरा, डिक्कीत टाकलात तर बुटीबोरी येईपर्यंत भुगा होतो.