पेट्री डिश नंतर, आधी तलावाचं पाणी बघ

अगं, आमच्या घरगुती जीवशास्त्राच्या ग्रुपमध्ये आलीस ते मस्तच, पण लगेच डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन, जीन एडिटिंगचं किट वगैरे मागवू नकोस प्लीज. आधी कागदाचा फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून बनणारा सूक्ष्मदर्शक घे, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाशांच्या लॅबमधून निघालेला, साधारण 140 पट मोठं दाखवतो आणि घरच्या शौकाला तेवढं खूप होतं. मग एखाद्या रविवारी आमच्यासोबत इंदूरच्या सिरपूर तलावावर चल, काठाजवळचं शेवाळ्याचं थोडं पाणी बाटलीत घ्यायचं, घरी आणून वाळलेलं गवत उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं आणि चार-पाच दिवस झाकण सैल ठेवून उन्हाबाहेर ठेवायचं, वास येतो पण आईला आधीच सांगून ठेव. वरून घालायला नळाचं नर्मदेचं पाणी थेट वापरू नकोस हं, त्यात क्लोरीन असतं, एक दिवस उघड्या बादलीत राहू दे.

त्या पाण्यात दिसणारं पॅरामेशियम, म्हणजे एकाच पेशीचा सूक्ष्म जीव, इतकं पळतं की नवीन माणूस वैतागतोच. स्लाइडवर कापसाचे दोन-चार तंतू विस्कटून टाक आणि त्यावर थेंब सोड, तंतूंमध्ये अडकून ते फिरायला लागतं, मग त्याच्या कडेचे केसांसारखे बारीक तंतू कसे लहरतात ते निवांत बघ. मला अजूनही ते बघताना जेवायची आठवण राहत नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच करू देत नाही, नाल्यातलं किंवा घशातलं काही घेऊन घरी पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या चपट्या बशीत, बॅक्टेरिया वाढवणं. काय वाढलंय ते आपल्याला कळत नाही, घरात लहान मुलं असतात. तसलं करायचंच असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोर. बाकी बाटलीवर तारीख आणि जागा लिहायला विसरू नकोस.