बाप्तिस्म्याआधीच बाबा गेले, त्यांचं तारण झालं का?

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरं

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. माझे वडील आयुष्यभर देवापासून लांबच राहिले, दारू होती, आईने फार सोसलं. शेवटच्या आजारपणात मात्र ते स्वतःहून बायबल वाचून दाखव म्हणायला लागले, रडले, आईची माफी मागितली, प्रभू येशूवर विश्वास ठेवला आणि मला बाप्तिस्मा घ्यायचाच आहे म्हणून हट्ट धरला. रविवार ठरला होता आणि ते गुरुवारी पहाटे गेले. आता एक नातेवाईक म्हणतात, पाण्यात उतरले नाहीत, जन्मात एक चांगलं काम केलं नाही, कसलं आलंय तारण? मला झोप लागत नाही. खरं काय ते सांगा.

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं. कारणं नंतर सांगतो, उत्तर आधी देतो, कारण तुम्ही आधीच खूप रात्री जागून काढल्यात. बाबांबद्दल तुम्ही आशेने राहा. माणसाच्या मनातलं शेवटी देवालाच ठाऊक, तो न्याय करायचा अधिकार मला नाही आणि तुमच्या नातेवाइकांनाही नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते आणि शास्त्र जे सांगतं ते शेजारी ठेवून बघितलं तर निराश व्हायचं काहीच कारण दिसत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायातला, येशूशेजारी वधस्तंभावर दिलेला तो गुन्हेगार आठवा. हात वधस्तंभाला जखडलेले, त्या हातांनी कोणाला घासभर अन्न द्यायची सोय नाही. पाय जखडलेले, पाण्यापर्यंत चालत जायची सोय नाही. मोकळी राहिली होती ती फक्त जीभ. आणि त्या जिभेने त्याने काय केलं बघा, शेजारचा येशूची टिंगल करत होता त्याला गप्प केलं, आपण आपल्या कर्माचं फळ भोगतोय हे कबूल केलं, ह्याने तर काहीच वाईट केलेलं नाही असं सगळ्यांदेखत म्हणाला, आणि मग माझी आठवण ठेवा एवढंच मागितलं. त्यावर प्रभूने आधी बाप्तिस्मा घे किंवा आधी नुकसानभरपाई कर असं म्हटलं नाही. तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं म्हटलं. आज!

काहीजण म्हणतात, तो पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीचा, त्याचा नियम आपल्याला लागू नाही. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, ख्रिस्ती बाप्तिस्म्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची आहे हे खरंच आहे, पण कृपा करणारा प्रभू तोच होता ना?

तुमच्यासारखं दुःख मंडळीने, म्हणजे चर्चने, फार पूर्वी बघितलंय. इ.स. ३९२ मध्ये रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन अचानक मेला. त्याने बाप्तिस्म्यासाठी मिलानचे बिशप अंब्रोज यांना बोलावणं धाडलं होतं, पण ते पोचायच्या आत सगळं संपलं. त्याच्या बहिणी ह्याच काळजीने रडत होत्या की आमचा भाऊ बाप्तिस्मा न घेता गेला. अंब्रोजनी अंत्यविधीच्या भाषणात त्यांना धीर दिला तो असा, की त्याने मागितलं होतं आणि मागितलं म्हणून त्याला मिळालं. आणि हे कोण म्हणतंय, तर बाप्तिस्म्याला अतिशय महत्त्व देणारा माणूस. कॅथलिक मंडळी तर बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असंच शिकवते, तरी १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय पण देव स्वतः त्याच्या संस्कारांनी बांधलेला नाही, आणि बाप्तिस्म्याची तयारी करता करता जो गेला त्याची ती इच्छा, पापांचा पश्चात्ताप आणि प्रेम ह्यांवरून त्याच्या तारणाची खात्री धरावी. म्हणजे सगळ्यात कडक वाटणाऱ्या शिकवणीतही तुमच्या बाबांसाठी दार उघडं आहे.

राहिली चांगल्या कामाची गोष्ट. ताई, तुम्हीच लिहिलंय की त्यांनी आईची माफी मागितली. इतकी वर्षं ताठ राहिलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्या पडल्या बायकोपुढे हात जोडणं किती जड जातं हे मी अशा बऱ्याच खाटांशेजारी बसून पाहिलंय, कित्येकांना ते शेवटपर्यंत जमत नाही. तुमच्या नातेवाइकांना ते काम दिसलं नसेल. आईला विचारा, त्यांना दिसलं असेल. म्हणून तारण झालं असं मी म्हणत नाही, पण विश्वास जिवंत असल्याची खूण अशीच असते.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून विश्वासात आहे, प्रार्थना करतो, वचन वाचतो. जर वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्याशिवाय चाललं तर मी तरी तो कशाला घ्यायचा? तारण विश्वासाने आहे ना?

उत्तर : हो भावा, विश्वासानेच आहे. पण चोराला जमत नव्हतं आणि तुला जमतंय, फरक इथेच आहे. वरच्या ताईंचे बाबा रविवारची वाट बघत गेले आणि तुझ्याकडे दोन वर्षांचे रविवार होते, हे मी तुला दुखवायला म्हणत नाही पण जरा विचार कर.

प्रेषितांची कृत्ये १० वाच, कर्नेल्य ह्या रोमी शताधिपतीचं घर. पेत्राचं बोलणं चालू असतानाच पवित्र आत्मा उतरला, कोणाच्याही अंगावर पाण्याचा थेंब पडायच्या आधी. म्हणजे देव पाण्यासाठी थांबून राहिला नाही. आता पेत्राला म्हणता आलं असतं की आत्माच मिळालाय मग पाणी कशाला. तो नेमकं उलट म्हणाला, ह्यांना आपल्यासारखाच आत्मा मिळालाय तर ह्यांच्या बाप्तिस्म्याला पाणी कोण मना करणार, आणि बाप्तिस्मा घ्यायची आज्ञाच दिली. मिळालंय म्हणून घ्या, मिळावं म्हणून नव्हे, मला तरी तो अध्याय असाच कळतो.

अब्राहामाचंही तेच. उत्पत्ति १५ मध्ये त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला, सुंता झाली अध्याय १७ मध्ये, तेव्हा तो ९९ वर्षांचा होता, मध्ये किमान तेरा वर्षं गेली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ह्याच क्रमावर बोट ठेवतो आणि सुंतेला आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणतो. पण शिक्का आहे म्हणून अब्राहामाने तो टाळला नाही.

आता मार्क १६:१६ तुला कोणीतरी दाखवेलच, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. पुढचा अर्धा भागही वाचायचा, दोषी ठरतो तो विश्वास न धरणारा, तिथे बाप्तिस्मा न घेणारा असा शब्द नाही. (शिवाय मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या, म्हणजे वचनं, चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणून फक्त ह्या एका ओवीवर सिद्धांत उभारू नये असं मला वाटतं.) पण १ पेत्र ३:२१ सुद्धा तितक्याच प्रामाणिकपणे वाच, बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो असं तिथे सरळ लिहिलंय, आणि लगेच पेत्र सांगतो की अंगाचा मळ धुणं हा त्याचा अर्थ नव्हे, तर येशूच्या पुनरुत्थानाद्वारे शुद्ध विवेकभावाने देवाकडे वळणं. ल्युथरन लोक १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीपासून, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनापासून, बाप्तिस्मा आवश्यक मानतात, बॅप्टिस्ट लोक त्याला आज्ञापालन आणि साक्ष मानतात, सॅल्व्हेशन आर्मी तर करतच नाही. मंडळ्यांचं ह्यावर एकमत नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मिळत असताना तो हलका लेखणं, ह्यात मात्र मला मोठा धोका दिसतो. तू पाळकांशी बोल आणि तारीख ठरव.

प्रश्न : पौल म्हणतो कर्मांनी तारण नाही, याकोब म्हणतो फक्त विश्वासाने माणूस नीतिमान ठरत नाही. दोघांपैकी खरं कोण?

उत्तर : दोघंही. फक्त दोघांच्या समोर बसलेली माणसं वेगळी आहेत. पौलाच्या समोरचा माणूस म्हणतो, मी नियमशास्त्र पाळलं, सुंता केली, आता देवाने माझं देणं द्यावं. याकोबाच्या समोरचा माणूस म्हणतो, देव एक आहे हे मला मान्य आहे, बास. याकोब त्याला म्हणतो, अरे ते तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात! आणि मग त्याचं ते उदाहरण, भाऊ किंवा बहीण उघडीवाघडी आहे, त्या दिवसाचं अन्न नाही, आणि तुम्ही म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा, आणि हातावर काहीच ठेवत नाही. हे उदाहरण वाचताना मला दरवेळी लाज वाटते, कारण प्रार्थना करतो तुमच्यासाठी असं म्हणून मीही लोकांना दारातून परत पाठवलंय.

लोक इफिसकरांस पत्र २:८-९ पाठ करतात आणि तिथेच थांबतात, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. दहावी ओवी कोणी म्हणत नाही, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. सत्कृत्यांनी नाही, सत्कृत्यांसाठी. एका प्रत्ययाचा फरक आहे पण सगळं त्यात आहे.

आणि कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात असं आपल्यात सर्रास बोललं जातं, ते थांबवा. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जे नियम केले त्यातला पहिलाच नियम असा आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणारा चुकीचा. मतभेद आहेत, खरे आहेत, पण ते इथे नाहीत. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्येच ल्युथरन आणि कॅथलिक मंडळींनी एकत्र सही करून मान्य केलं की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नाही, आणि तोच आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. तिथे पोचायला साडेचारशेच्या वर वर्षं गेली.

तारण व्हावं म्हणून मला काय केलं पाहिजे, हा प्रश्न, पौल आणि त्याचा सोबती सीला कैदेत असताना, फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने अगदी ह्याच शब्दांत विचारला होता. मध्यरात्र, भूकंपाने दारं उघडलेली, कैदी पळाले समजून त्याने स्वतःवरच तलवार उपसलेली. पौलाने एकच गोष्ट सांगितली, प्रभू येशूवर विश्वास ठेव. मग त्याच घटकेला त्या माणसाने दिवा घेऊन पौल आणि सीला यांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या, ज्यांचे पाय संध्याकाळी त्यानेच खोड्यात अडकवले होते, आणि लगेच घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला. त्यातलं किती पुरलं असतं हे त्याने विचारलं नाही. त्यांना घरी नेलं आणि जेवायला वाढलं.